सीट जळाली, तिथून सुरुवात

हा भाग बसून ऐकत असाल तर जरा सरकून नीट बसा, कारण आज बुडाबद्दल बोलायचंय. बूड, कंबर, पाठ आणि फटफटी.

निमित्त घरचं आहे. माझे बाबा एमआर होते. कराड, पाटण, चिपळूण, परत कराड. नव्वदच्या दशकात शंभर सीसीच्या गाडीवर, मागे औषधांच्या सॅम्पलची बॅग बांधून ते कुंभार्ली घाट इतक्या वेळा चढले-उतरले की वळणं त्यांना अजून पाठ आहेत. पाठ मात्र गेली. मणक्याचं ऑपरेशन झालं, गाडी विकली. आणि या उन्हाळ्यात एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "तुझ्या गाडीवरून एकदा घाटातून नेशील का रे?" डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, न्या, पण दर तासाला उतरवा आणि दणके बसू देऊ नका.

दणके बसू देऊ नका! बोलायला सोपं आहे. मग मी वाचत सुटलो, की दणके न बसणारी मोटरसायकल करायला लोकांनी काय काय केलंय. वाचता वाचता कळलं की हा इतिहास यंत्रांचा कमी आणि माणसांच्या हट्टाचा जास्त आहे.

सुरुवात 1885 ची. जर्मनीतल्या कानश्टाटमध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी दुचाकी बनवली. लाकडी सांगाडा, लाकडी चाकं, त्यांना लोखंडी धावा आणि वर चामड्याचं खोगीर. तोल जाऊ नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं. इंजिन अर्ध्या हॉर्सपॉवरचं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डाइमलरचा मुलगा पॉल ती गाडी उंटरट्युर्कहाइमपर्यंत घेऊन गेला. त्या इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग नव्हता, एक नळी तापवून लाल करायचे. ती नळी होती नेमकी सीटखाली. त्या फेरीत सीटने पेट घेतला असं सांगतात. म्हणजे मोटरसायकलच्या इतिहासातली पहिली तक्रार इंजिनाची नाही, बुडाची आहे. (ती मूळ गाडी पुढे 1903 मध्ये कारखान्याला लागलेल्या आगीत गेली. आग काही तिची पाठ सोडेना.)

त्याआधी सायकलवाले हेच भोगत होते. 1860 च्या दशकातल्या लोखंडी धावांच्या सायकलींना इंग्रजीत जे नाव पडलं होतं, त्याचा सरळ अर्थ 'हाडं खिळखिळी करणारी'. त्यावर पहिला खरा उतारा निघाला बेलफास्टमध्ये. जॉन डनलॉप हा तिथला गुरांचा डॉक्टर. त्याच्या मुलाची तिनचाकी दगडी फरशीवरून खडखडायची, म्हणून त्याने चाकांना हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली आणि 1888 मध्ये पेटंट घेतलं. लांबच्या प्रवासाला आरामात निघायचं असेल तर आजही सगळ्यात स्वस्त उपाय हवाच आहे. पंपावर 'टाका तीस' न म्हणता, कंपनीने जितकी सांगितलीय तितकी भरा. मागे माणूस बसणार असेल तर त्याचा आकडा वेगळा असतो. तो बहुतेक गाड्यांवर स्टिकरवर लिहिलेला असतो आणि आपण तो कधीच वाचत नाही.

आता हट्टाची गोष्ट.

1912 मध्ये हार्ले-डेव्हिडसनने एक युक्ती केली. सीट ज्या दांड्यावर बसते तो दांडा फ्रेमच्या नळीत खाली-वर होईल असा ठेवला आणि त्या नळीत स्प्रिंगा बसवल्या. माणूस तरंगायला लागला. छानच होतं, लोक खूश झाले. पण मागचं चाक फ्रेमला घट्टच राहिलं. खड्डा आला की सीट माणसाला झेलायची, चाक मात्र रस्ता सोडून उडायचं. सीटला स्प्रिंग आहे ना, मग चाकाला कशाला? हा विचार इतका मुरला की हार्लेच्या मोठ्या गाड्यांना मागे शॉकअप यायला 1958 उजाडलं. शेहेचाळीस वर्षं! (शब्द 'शॉक अॅब्सॉर्बर' आहे हे मला माहितीये. पण गॅरेजमध्ये जाऊन तसं म्हणून बघा, कसे बघतात ते.)

युरोपातही जाणकारांचं म्हणणं हेच होतं की मागचं चाक हलतं ठेवलं तर गाडी डुलणार, वळणावर दगा देणार. आराम हवा तर मोटार घ्या. या लोकांना उत्तर दिलं ते इटलीतल्या एका भावाने. मोटो गुझी कंपनीच्या कार्लो गुझीचा भाऊ, जुझेप्पे. त्याने मागचं चाक एका हलत्या चौकटीत बसवलं आणि स्प्रिंगा इंजिनाच्या खाली पेटीत ठेवल्या. लोक विश्वास ठेवेनात. मग 1928 मध्ये हा गडी गाडी घेऊन कोमो सरोवराकाठच्या मान्देल्लोहून निघाला, तो थेट उत्तरेला, नॉर्वेच्या ध्रुववृत्ताकडे. त्या काळचे रस्ते म्हणजे बहुतेक माती आणि खडी. गेला आणि परत आला. त्या गाडीला नावच पडलं 'नॉर्जे', म्हणजे नॉर्वे.

मला हा माणूस फार आवडला. त्याने भांडण केलं नाही, कंबर पुढे केली.

तरी लोक पूर्ण पटले नाहीत. ते पटले शर्यतीत. उत्तर आयर्लंडच्या रेक्स मॅककँडलेसने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतःसाठी एक फ्रेम बनवली आणि मागच्या हलत्या चिमट्याला सित्रोएन मोटारीचे तेलाचे शॉकअप लावले. तेलाचे हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसती स्प्रिंग दाबली की परत उसळते, पुन्हा पुन्हा उसळते, लहान पोराने गादीवर उड्या माराव्यात तशी. तेल एका बारीक भोकातून ढकलावं लागतं, म्हणून उसळी तिथेच मरते. नॉर्टन कंपनीने मॅककँडलेसची फ्रेम 1950 मध्ये शर्यतीच्या गाड्यांना घेतली. हॅरॉल्ड डॅनियल नावाचा त्यांचा स्वार गाडीवरून उतरून म्हणाला की पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतंय. फ्रेमला तेच नाव चिकटलं, 'फेदरबेड'. आणि त्या वर्षी आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत सीनियर आणि ज्युनियर, दोन्हीकडे पहिले तीनही नंबर नॉर्टनचे!

म्हणजे जी गादी नाजूक लोकांसाठी म्हणून हिणवली होती, तीच सगळ्यात जोरात पळाली. कारण साधं आहे. चाक रस्त्याला चिकटून राहिलं तर माणसालाही आराम आणि ब्रेकलाही पकड. ही दोन कामं वेगळी नव्हतीच कधी.

हीच वाट आपल्याकडे पोचली ती बुलेटमधून. रॉयल एनफिल्डची नवी बुलेट 1948 मध्ये चिखलमातीच्या स्पर्धांमध्ये उतरली तेव्हा तिच्या मागच्या चाकाला हलता चिमटा आणि तेलाचे शॉकअप होते. तशी सोय तेव्हा मोजक्याच गाड्यांना होती. पन्नासच्या दशकात आपल्या लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट घेतली आणि 1955 पासून मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. जावाची तऱ्हा आणखी मजेशीर. युद्धानंतरच्या चेक जावाचं टोपणनाव होतं 'पेराक'. हे नाव 'स्प्रिंग' या अर्थाच्या चेक शब्दावरून आलं, कारण तिच्या मागच्या चाकाला स्प्रिंगा होत्या. तिच्या पुढच्या पिढीला म्हणायचे 'किवाच्का', झुलणारी. साठच्या दशकात म्हैसूरला बनायला लागलेली जावा याच झुलणारीच्या घराण्यातली.

पण दणका हा अर्धाच त्रास. उरलेला अर्धा इंजिनातून येतो. एक सिलिंडर, एक जड पिस्टन, मिनिटाला हजारो वेळा वर-खाली. तो वरच्या टोकाला वळताना गाडीला वर ओढतो, खालच्या टोकाला वळताना खाली दाबतो. जुन्या बुलेटवर तासभर बसलेल्याला विचारा, तळहाताला मुंग्या येतात, आरशात मागचा ट्रक आहे की टेम्पो हे कळत नाही. आपण त्याला 'फायरिंग' म्हणून मिरवतो ते सोडा. नॉर्टनने 1967 मध्ये कमांडो गाडीत यावर उलटाच डाव टाकला. हादरा थांबवत बसण्यापेक्षा इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा चिमटा असा सगळा संसार रबरावर टांगला. इंजिन आपलं थरथरत राहील, स्वार वेगळा. कल्पना झकास, पण रबरातली फट नीट ठेवली नाही तर गाडी वळणावर झुलायची. दुसरी वाट बॅलन्सर शाफ्टची. इंजिनात उलट्या दिशेने फिरणारं एक वजन ठेवायचं, ते पिस्टनच्या धक्क्याला बरोबर त्याच क्षणी उलटा धक्का देतं. 2020 मध्ये आलेल्या मीटिअर 350 मध्ये हेच आहे. तेव्हा 'आता बुलेटवाल्यांची मजा गेली' म्हणणारे खूप भेटले. त्यातले किती जण रोज दीडशे किलोमीटर चालवतात कोण जाणे.

वाऱ्याचं थोडक्यात सांगतो. वेग दुप्पट झाला की छातीवरचा वाऱ्याचा रेटा चौपट होतो. अमेरिकेत सत्तरच्या दशकात क्रेग व्हेटरने 'विंडजॅमर' नावाचं, कुठल्याही गाडीला लावता येईल असं पुढचं कवच विकायला काढलं. होंडाची गोल्ड विंग 1975 मध्ये आली तेव्हा ती उघडीच होती, लोक बाहेरून असली कवचं आणून लावायचे. 1980 मध्ये होंडाने स्वतःच कवच आणि डिक्क्या लावून गाडी दिली. गिऱ्हाईक पुढे आणि कंपनी मागे, असं इथे बऱ्याचदा झालंय.

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकत राहिली. इतक्या कहाण्या वाचल्या, सगळ्या पुढे बसणाऱ्याच्या. मागे बसणारा कुठे आहे? तो तर मागच्या चाकाच्या बरोबर वर बसतो, सगळ्यात मोठा दणका त्यालाच. सुरुवातीला त्याची जागा म्हणजे सामानाच्या कॅरिअरवर टाकलेली उशी. आपल्याकडे मागे बसणारी व्यक्ती बहुतेकदा आई, मावशी, बायको. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पोर आणि पदर सावरत. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, नियम 123 काढून बघा. मागच्यासाठी धरायला पक्की मूठ हवी, फूटरेस्ट हवा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी. साडी गार्ड! नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात 'लूक खराब होतो' म्हणून आपण तो काढून टाकतो. मीही काढला होता.

तर मी पुण्यात नाना पेठेत गेलो. स्पेअर पार्टच्या गल्लीत एक सीटवाले काका आहेत. त्यांना म्हटलं, "एकदम मऊ करा, वडिलांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय." काकांनी अंगठ्याने फोम दाबला आणि म्हणाले, "मऊ केलं तर दहा मिनिटं बरं वाटेल. नंतर बूड खाली पत्र्याला टेकेल. पाठीला मऊ नको, सपाट आणि रुंद पाहिजे." त्यांचं खरं आहे. बसताना आपलं वजन दोन छोट्या हाडांवर येतं. घट्ट, रुंद फोम ते वजन मांडीवर पसरवतो. मऊ फोम दबून जातो आणि हाडं एकटी पडतात. काकांनी मागचा उतार काढला, जाड फोम घातला, वर रेक्झिन शिवलं. मग पाना घेऊन मागच्या शॉकअपची चकती दोन खाच्यांनी फिरवली, दोन माणसांच्या वजनासाठी. ही चकती फिरते हे मला गाडी घेऊन चार वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

साडी गार्ड माळ्यावर होता. तो परत लावला. मागची मूठही.

पहाटे कराडहून निघालो. बाबांना मी हा सगळा इतिहास ऐकवला होता, नॉर्वेपर्यंत जाणाऱ्या जुझेप्पेसकट. मग पाटणला चहाला उतरल्यावर विचारलं, "बाबा, तेव्हा तुम्ही सीट का नाही बदललीत? निदान एखादी उशी तरी?"

ते बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "एकदा तुझ्या आईने शिवून दिली होती. निळी. स्टँडवर बाकीचे एमआर हसले. बाळंतिणीची उशी म्हणाले. पुढच्या दिवसापासून बॅगेत ठेवली."

"आणि?"

"आणि काय. बॅगेत तिच्यावर बाटल्या ठेवायचो. एकही फुटली नाही कधी."

घाटात तीनदा थांबलो. प्रत्येक वळणाआधी ते माझ्या खांद्यावर बोट टेकवून सांगत होते, डावीकडे, आता उजवीकडे, पुढे मोठा खड्डा. दोन ठिकाणी खड्डा नव्हताच, रस्ता नवा झालाय. ते तरी सांगत राहिले.