जुनं मशीन पेट्रोल पितं, हे अर्धसत्य

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर फायबरच्या होडीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड जुनं झालं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ऑइल कमी घाल आणि कार्बोरेटरचा जेट बारीक कर. दुसरा, विकून टाक आणि फोर-स्ट्रोक घे. दोन्हींच्या मुळाशी समज एकच, की जास्तीचं पेट्रोल जातं ते मशीनच्या वयामुळे. हा समज मला मान्य नाही, आणि पहिला सल्ला तर घातक आहे.

पूर्वपक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण सिलिंडरात शिरतं तेव्हा धूर बाहेर जाण्याची वाटही उघडीच असते. त्या वाटेने सुमारे पाव हिस्सा पेट्रोल न जळताच निसटतं. पण ही खोट रचनेची आहे, म्हाताऱ्या मशीनची नव्हे. नवंकोरं असतानाही ते तेवढंच सांडत होतं. मग त्याच फेरीला आज जास्त लिटर का लागतात, याचं उत्तर दुसरीकडे शोधायला हवं.

ऑइल कमी करण्याचा हिशेब मांडून पाहा. पन्नासास एक प्रमाण म्हणजे लिटरला २० मिली. ते निम्मं केलं तरी जेटमधून जाणारा द्रव जवळजवळ तेवढाच राहतो. फक्त त्यातला पेट्रोलचा वाटा ९८ टक्क्यांवरून ९९ वर जातो. म्हणजे पेट्रोल वाचलं नाहीच, उलट टक्काभर जास्त गेलं, आणि बेअरिंग कोरडी पडू लागली. जेट बारीक केल्याने तर आणखी अनर्थ होतो. टू-स्ट्रोकचा पिस्टन आत येणाऱ्या मिश्रणानेच थंड होतो. ते पातळ झालं की पूर्ण रेसवर पिस्टनचा माथा तापतो, आणि भर समुद्रात मशीन जाम होतं. वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट पैसे दुरुस्तीत जातात. मशीनमध्ये हात घालायचाच तर प्लग काढून रंग बघा. काळा आणि ओला असेल तर चोक अर्धवट अडकला आहे का, थर्मोस्टॅट उघडाच राहिला आहे का, हे तपासा. उत्पादकाने दिलेला जेट मात्र बदलू नका.

खरी गळती पाण्याखाली आहे. पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर, दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पीच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर). हलक्या, वेगवान होडीसाठी दिलेला मोठ्या पीचचा पंखा जाळी, बर्फ आणि चार माणसांनी लादलेल्या होडीला लागला, की मशीन कण्हत चालतं. भरल्या होडीत मूठ पूर्ण पिळून टॅकोमीटर लावा. पुस्तिकेत मिनिटाला ४५०० ते ५५०० फेरे लिहिले असतील आणि काटा ३९०० वर अडत असेल, तर दोष बहुधा पीचचा. पीच इंचभर उतरवलं की साधारण २०० फेरे वाढतात. पात्याची धार खडकावर वाकलेली असेल किंवा तळाला बार्नेकल चिकटले असतील, तरी काटा असाच अडतो, म्हणून तेही आधी पाहावं. कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात ती आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर वर हवी. ती खोल बुडाली की मशीनचा पाय उगाच पाणी ओढत राहतो.

आणि मूठ! पाणी कापत जाणाऱ्या होडीची पाण्याला टेकलेली लांबी २५ फूट असेल, तर तिचा स्वाभाविक वेग सुमारे ६.७ नॉट. त्यापुढे होडी स्वतःचीच लाट चढू लागते. १४ सागरी मैलांची फेरी ७ नॉटने दोन तासांत होते, ६ नॉटने दोन तास वीस मिनिटांत. वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने मैलामागचं इंधन या वीस मिनिटांपायी जवळपास चतुर्थांशाने घटतं. कमी रेसवर टू-स्ट्रोकची कार्यक्षमता थोडी उतरते हे खरं, तरी एवढी बचत दुसऱ्या कुठल्याही फुकटच्या उपायात नाही. ओयविंड गुलब्रान्सेन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी (एफएओ) २०१२ मध्ये लहान मासेमारी नौकांच्या इंधनबचतीवर पुस्तिका लिहिली. तिचाही भर वेग उतरवण्यावर आणि योग्य पंख्यावर आहे.

फोर-स्ट्रोकला माझा विरोध नाही. दिवसभर पर्यटक नेणाऱ्याला ते परवडेल, बंदराचं पाणीही कमी तेलकट होईल. पण चुकीचा पंखा आणि पिळलेली मूठ तशीच ठेवली, तर नव्या मशीनचाही बराचसा फायदा पाण्यात जाईल. म्हणून कर्जाचा अर्ज भरण्याआधी होडी वर ओढा, तळ खरवडा, आणि भरल्या होडीत एकदा टॅकोमीटर लावून बघा.