खिडकीचे झिजलेले हँडल : मोजमाप आणि बदल

ब्रिटनमधील असंख्य घरांना यूपीव्हीसीच्या, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या असतात. वर्षानुवर्षांच्या वापराने त्यांचे हँडल सैल होते, नुसतेच फिरत राहते किंवा त्याचे कुलूप लागेनासे होते. झडप चौकटीला घट्ट आवळली न गेल्यास फटीतून गारठा येतो. तळमजल्यावर तर घराच्या सुरक्षिततेचाच प्रश्न उभा राहतो. तरीही त्यासाठी संपूर्ण खिडकी बदलण्याची गरज नसते. हँडल बदलणे सोपे आहे. चूक होते ती माप घेताना.

प्रकार ओळखणे

प्रचलित प्रकार ‘एस्पॅग’ हँडलचा. त्याच्या पाठीमागून निघणारी ७ मिमी जाडीची चौकोनी दांडी, म्हणजे स्पिंडल, झडपेत शिरून आतील कुलपाची पट्टी सरकवते. जुन्या खिडक्यांना ‘कॉकस्पर’ हँडल असते. त्याला स्पिंडल नसतो. त्याची पुढे आलेली चोच चौकटीवर अडकून झडप आवळली जाते.

माप

एस्पॅगमध्ये हँडलच्या तळापासून बाहेर आलेल्या स्पिंडलची लांबी मोजावी. ती साधारणतः १० ते ५५ मिमीच्या दरम्यान असते. स्पिंडल आखूड असल्यास पट्टी सरकत नाही. लांब असल्यास हँडल झडपेवर सपाट बसत नाही. दोन स्क्रूंमधील अंतर बहुधा ४३ मिमी असते, तरी तेही तपासावे. कॉकस्परमध्ये तळापासून चोचीच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची महत्त्वाची. हँडल एका बाजूला झुकलेले असल्यास डावे-उजवे पाहूनच नवे मागवावे.

एस्पॅग हँडल बदलण्याची कृती

१. खिडकी उघडी ठेवून हँडल आडवे करावे. स्क्रूंवरील छोटी झाकणे चपट्या पेचकसाने अलगद काढावीत.

२. स्क्रू सोडवून हँडल सरळ बाहेर ओढावे. वरच्या मजल्यावर काम करताना बाहेर वाकू नये.

३. सुटे झालेले जुने हँडल पुन्हा भोकात घालून फिरवून पाहावे. पट्टी जड चालत असल्यास खरा दोष तिच्यात आहे. हलके वंगण देऊनही ती मोकळी न झाल्यास कारागिरास बोलवावे. अन्यथा नवे हँडलही लवकरच तुटेल.

४. नवे हँडल जुन्याच स्थितीत बसवून स्क्रू हातानेच आवळावेत. खिडकी उघडी असतानाच हँडल आणि किल्ली दोन्ही चालवून पाहावीत. मगच खिडकी बंद करावी.

किल्ली आणि जबाबदारी

नव्या हँडलची किल्ली खिडकीजवळ, परंतु बाहेरून हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. आग लागल्यास हीच खिडकी सुटकेची वाट ठरू शकते. म्हणून घरातील प्रत्येकाला, भारतातून आलेल्या आई-वडिलांनाही, ती जागा ठाऊक असावी.

घर भाड्याचे असल्यास प्रथम घरमालकास लेखी कळवावे. इंग्लंडमध्ये सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेकरारांत १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याचे कलम ११ घराची रचना व बाह्यभाग दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकते, आणि खिडक्या सामान्यतः त्यात मोडतात. स्वतःच्या घराच्या विम्यात खिडक्यांना किल्लीचे कुलूप असण्याची अट असल्यास तसेच हँडल निवडावे.