द जंगल प्रिन्सेस (चित्रपट, 1936)

पॅरामाउंट या अमेरिकन चित्रसंस्थेचा, विल्हेल्म थीले दिग्दर्शित कृष्णधवल साहसपट. मलायाच्या अरण्यात लिमाऊ नावाच्या वाघाच्या सोबतीने वाढलेली उलाह (डोरोथी लामूर) आणि शिकारीला येऊन जखमी झालेला, तिच्या आसऱ्याने सावरणारा इंग्रज क्रिस्टोफर (रे मिलंड) यांची ही प्रेमकथा. रानात वाढलेल्या मुलीची गोष्ट म्हणून तो ओळखला जातो. प्रत्यक्षात मलायी माणसांच्या नित्याच्या जगण्यालाच त्याने रानटीपणाची खूण करून टाकले आहे, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा उलाहच्या अंगावर आहे. सारोंग हे मलायातल्या बायकापुरुषांचे रोजचे वस्त्र. कापडाची दोन टोके शिवून नळकांडे करायचे, कमरेला चुणी घालून खोचायचे, लांबी घोट्यापर्यंत. त्यामागे माग आहे, रंगारी आहे, बाजार आहे. वेशभूषाकार इडिथ हेडने ते काखेखाली गुंडाळले, गुडघ्याच्या वर आखडले आणि वाघाबरोबर वाढलेल्या मुलीला नेसवले. टारझनच्या अंगावर निदान जनावराचे कातडे तरी असते! पुढे द हरिकेन (1937) या दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या कथेतही लामूर सारोंगमध्येच दिसते. प्रदेश बदलला तरी वस्त्र तेच, म्हणजे ते कोणत्याच प्रदेशाचे उरले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, अद्भुतकथेकडे भूगोलाचा हिशेब कशाला मागायचा? कल्पित बेट असते तर तो मागण्याचे कारणच नव्हते. पण चित्रपट मलायाचे नाव घेतो, वाघालाही मलायी शब्द देतो (लिमाऊ म्हणजे लिंबू), आणि त्याच रानात फक्त आफ्रिकेत आढळणारा चिंपांझी आणून सोडतो. मलायी माणसांच्या भूमिका तिफ्लिसमध्ये जन्मलेल्या अकिम टामिरॉफकडे आणि अलास्काच्या रे मालाकडे गेल्या. नाव खरे घ्यायचे आणि माणसे कुठलीही चालवायची, हे कल्पनास्वातंत्र्य नव्हे, बेफिकिरी आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुरुषप्रधान जंगलपटांच्या काळात नायिकेला मध्यभागी आणणे हेच मोठे पाऊल नव्हते का? ते श्रेय द्यायलाच हवे. वाघाला हुकूम सोडणारी, कुणालाही न बुजणारी उलाह लामूरने फार मोकळेपणाने उभी केली आहे. पण कथानक तिला मध्यभागी टिकू देत नाही, हे टारझनशी तुलना केल्यावर कळते. पटकथाकारांपैकी सिरिल ह्यूम यांनी टारझन द एप मॅन (1932) या चित्रपटासाठीही लेखन केले होते. त्यात शहरातली जेन टारझनला बोलायला शिकवते. इथे क्रिस्टोफर उलाहला इंग्रजी शिकवतो. मात्र टारझन तोडके बोलूनही रानाचा धनीच राहतो, तर उलाहची भाषा जसजशी सुधारते तसतसे कथानक तिला रानातून उचलून क्रिस्टोफरच्या जगाकडे नेते. तिथे त्याची वाग्दत्त वधू आधीच आहे, आणि दोघींची तुलना आपसूक सुरू होते. नुकती शब्द जुळवू लागलेली हीच मुलगी ‘मूनलाइट अँड शॅडोज’ हे गाणे मात्र वाद्यवृंदात तयार झालेल्या गळ्याने गाते. लामूर मूळची बँडगायिका, आणि चाल फ्रेडरिक हॉलंडर यांची. तेही थीलेंप्रमाणे 1933 नंतर जर्मनी सोडून आलेले. तेवढी तीन मिनिटे मलायाच्या रानात बर्लिनची संगीतिका ऐकू येते.