‘आहे’ आणि ‘हवे’ : प्रोसेसर-रचनांच्या विसंगतीचा इतिहास

लायब्ररी बसवताना प्रोग्रॅमरला अडवणारा एक त्रुटी-संदेश असे सांगतो की मागितलेली फाइल सापडली, परंतु तिच्यात ‘एक्स८६_६४’ आहे आणि हवे आहे ‘आर्म६४’. फाइल शाबूत असते, तिची आवृत्ती बरोबर असते, ती योग्य जागी ठेवलेलीही असते. अडचण एवढीच की ती ज्या यंत्रभाषेत आहे, ती समोर चालू असलेल्या प्रोग्रॅमची यंत्रभाषा नसते. प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञांच्या ठरावीक संचाला सूचनासंच म्हणतात, आणि हा संच, रजिस्टरांची मांडणी व मेमरी वापरण्याचे नियम मिळून प्रोसेसरची रचना, म्हणजे आर्किटेक्चर, ठरते. पायथनमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही रचनेवर चालू शकतो. पण नमपायसारख्या लायब्ररीचा वेगवान गाभा मुख्यतः सी भाषेत लिहून कंपायलरने यंत्रभाषेत उतरवलेला असतो, आणि अशी उतरवलेली फाइल, म्हणजे बायनरी, एका रचनेशी बांधली जाते.

‘रचना’ ही संज्ञा संगणकशास्त्रात रुळण्यास आयबीएमची सिस्टिम/३६० ही मालिका मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या या मालिकेतील लहानमोठ्या यंत्रांची अंतर्गत घडण वेगवेगळी असली, तरी प्रोग्रॅमरला दिसणारे त्यांचे स्वरूप एकच होते. जीन ॲम्डाल, गेरिट ब्लाऊ आणि फ्रेडरिक ब्रूक्स यांनी त्याच वर्षीच्या लेखात या दृश्य स्वरूपालाच रचना म्हटले. मात्र आधीच्या १४०१ या यंत्रावरचे प्रोग्रॅम ग्राहकांना टाकून देणे परवडणारे नव्हते, म्हणून मालिकेतील काही यंत्रांत १४०१ चे अनुकरण करण्याची सोय द्यावी लागली. नवी रचना आणताना जुनीसाठी पूल बांधायचा, हा प्रघात तेव्हापासून दिसतो.

या प्रघाताचा सर्वांत ठळक इतिहास ॲपलच्या मॅकिंटॉशमध्ये सापडतो. १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० कुळातून पॉवरपीसीकडे जाताना ॲपलने जुन्या आज्ञांसाठी अनुकरणयंत्रणा दिलीच, शिवाय ‘मिक्स्ड मोड मॅनेजर’ या व्यवस्थेमुळे एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही रचनांचे भाग एकमेकांना हाक मारू शकत होते. २००६ मध्ये पॉवरपीसीकडून इंटेलकडे जाताना ही मुभा राहिली नाही. रोझेटा हा अनुवादक संपूर्ण प्रक्रियेचा, म्हणजे चालू असलेल्या अख्ख्या प्रोग्रॅमचा, अनुवाद करत असे. त्यामुळे इंटेलसाठी बनलेल्या प्रोग्रॅमला जुने पॉवरपीसी प्लगइन जोडायचे, तर तो सगळाच प्रोग्रॅम रोझेटाखाली उघडावा लागे. आजची विसंगती याच नियमातून जन्मते.

पूल बांधण्याचा दुसरा मार्ग फाइलमध्येच होता. नेक्स्टस्टेप या प्रणालीने १९९३ च्या सुमारास अनेक रचनांच्या प्रती एकाच फाइलमध्ये भरण्याची पद्धत आणली, आणि ॲपलने नेक्स्ट कंपनी विकत घेतल्यावर तीच पुढे ‘युनिव्हर्सल बायनरी’ म्हणून प्रसिद्ध झाली. अशा फाइलचे पहिले चार बाइट सोळा-आधारी अंकांत लिहिले, तर ‘कॅफेबेब’ असा शब्द वाचता येतो. त्यामागे कोणत्या रचनेची प्रत कुठून सुरू होते याची अनुक्रमणिका असते आणि प्रणाली आपल्याला लागणारी तेवढीच प्रत उचलते.

पुलाविना स्थित्यंतर कसे होते, हे पुण्याच्या सी-डॅकमधील परम या महासंगणक-मालिकेत दिसते. १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्युटरवर, १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर, त्यानंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर आणि २००८ चा परम युवा इंटेलवर उभा होता. वैज्ञानिक गणनेत मूळ सोर्स सहसा हाताशी असतो, म्हणून तो नव्या यंत्रासाठी पुन्हा कंपाइल करणे कष्टाचे असले तरी उपाय उघड असतो. तयार बायनरी वाटण्याची प्रथा जिथे पडली, तिथे हा उपाय नजरेआड गेला.

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘आर्म६४’ रचनेच्या एम१ प्रोसेसरचे मॅक आले, तेव्हा ‘एक्स८६_६४’ म्हणजे इंटेलच्या प्रोग्रॅमांचा अनुवाद करणारा रोझेटा २ इतका सफाईदार होता की आपला टर्मिनल अनुवादाखाली चालला आहे हे वापरणाऱ्याला जाणवतही नसे. डिसेंबर २०२० मधील पायथन ३.९.१ पासून दोन्ही रचना पोटात घेतलेला ‘युनिव्हर्सल२’ पायथन मिळू लागला, पण त्याचा लायब्ररींचा कप्पा एकच होता. रोझेटाखालच्या टर्मिनलमधून पिप या पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने लायब्ररी मागवली की पिप चालू पायथनची रचना पाहून इंटेलची बायनरी आणून ठेवी, आणि तोच पायथन नंतर मूळ आर्म रचनेत चालवला की ती नाकारली जाई. यात पिपचे काहीच चुकत नसे. बसवणारा आणि चालवणारा पायथन एकच असूनही त्यांच्या रचना भिन्न असत.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात पुन्हा बसवण्याने नव्हे, तर तपासणीने होते. ‘फाइल’ ही आज्ञा बायनरीची रचना सांगते, तर पायथनच्या ‘प्लॅटफॉर्म’ मॉड्यूलवरून चालू प्रक्रियेची रचना कळते. मॅकवर साधने बसवून देणाऱ्या होमब्रूने फेब्रुवारी २०२१ मधील ३.०.० आवृत्तीत नव्या मॅकला अधिकृत आधार देताना इंटेलची ‘/यूएसआर/लोकल’ ही जागा तशीच ठेवून आर्मसाठी ‘/ऑप्ट/होमब्रू’ ही वेगळी जागा ठरवली, त्यामुळे साधन कोणत्या वाटेवरून उचलले जाते यावरूनही दोष हुडकता येतो. टर्मिनल, पायथन आणि लायब्ररी एकाच रचनेत आणून नवे स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट तयार केले की बहुतेक तंटा मिटतो.

इंटेल मॅकसाठी आलेला पहिला रोझेटा मॅक प्रणालीच्या २०११ च्या लायन आवृत्तीत काढून टाकण्यात आला, आणि रोझेटा २ ची सर्वसाधारण सोयही मॅकओएस २७ पर्यंतच राहील, असे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केले. अनुवादाखालचा टर्मिनल उरला नाही की नकळत होणारी ही भेसळ थांबेल. मात्र ज्या लायब्ररीची आर्मसाठी तयार बायनरी कुणी बनवलेलीच नाही, तिच्यासाठी सोर्स मिळवून तो पुन्हा कंपाइल करण्याचा, परमच्या प्रोग्रॅमरांना परिचित असलेला मार्गच शिल्लक राहील.