फोडणी आणि तिची भावंडे

कढईतले तेल पुरेसे तापले, की त्यात टाकलेला मोहरीचा दाणा क्षणभर स्वस्थ राहतो आणि मग फुटतो. दाण्याच्या पोटातल्या ओलाव्याची वाफ होते, वरचे टरफल तिला वाट देत नाही, आणि शेवटी तेच तडकून दाणा उडतो. तेल कमी तापले असेल तर मोहरी कच्ची राहून कडवट लागते. फार तापले असेल तर हिंग करपतो आणि हळद काळवंडते. हळदीचा रंग आणि जिऱ्या-हिंगाचा गंध पाण्यात पुरता उतरत नाही, तापल्या तेलात मात्र चटकन उतरतो. म्हणून भांडेभर आमटीला पळीभर तेल पुरते. ही कृती भारतात जवळजवळ सर्वत्र होते. तिचे नाव मात्र प्रत्येक भाषेने निराळे ठेवले, आणि त्या नावांत त्या त्या भाषेची नजर उतरली आहे.

मराठीने टिपले ते फुटणे. संस्कृतातील ‘स्फुट्’ या धातूपासून प्राकृताच्या वाटेने ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ ही क्रियापदे आली, आणि ‘फोडणे’पासून ‘फोडणी’ झाली. त्यामुळे स्वयंपाकघरातला हा शब्द एका मोठ्या गोतावळ्यात नांदतो. आंब्याची फोड, पायावरचा फोड, नारळ फोडणे, गुपित फोडणे, अन्यायाला वाचा फोडणे, टाहो फोडणे ही सारी त्याचीच नातलग. झाडाला पालवी फुटते, मातेला पान्हा फुटतो, पूर्वेला तांबडे फुटते. अवघड गोष्ट उलगडून सांगण्यालाही मराठीत ‘फोड करून सांगणे’ म्हणतात. जे आत कोंडलेले असते ते बाहेर येणे, हा या सर्व प्रयोगांतला समान अर्थ होय. आणि कढईतल्या मोहरीचेही तेच होते.

शब्द जुना असला तरी त्यातले जिन्नस एकाच काळाचे नाहीत. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. त्यात हिंग, जिरे, हळद, आले, मिरी भेटतात. लाल मिरची भेटत नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे ती १६व्या शतकात या किनाऱ्यावर उतरली आणि मिरीवरून मिळालेले नाव घेऊन फोडणीत शिरली. हिंग तर शतकानुशतके अफगाणिस्तान आणि इराणकडून येत राहिला. भारतात त्याच्या लागवडीचा संघटित प्रयत्न हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात २०२० साली सुरू झाला. ज्या फोडणीला अस्सल घरची चव मानले जाते, तिच्यात असा दूरदूरचा पाहुणा मुरलेला आहे.

आता तिच्या भावंडांकडे पाहावे. हिंदीतील ‘छौंक’ आणि पंजाबकडून सर्वत्र पसरलेला ‘तडका’ हे आवाजावरून घडलेले शब्द. हिंदीत ‘तडका’ म्हणजे पहाटही. मराठीत तांबडे फुटते, हिंदीत दिवस तडकतो. दोन्ही भाषांनी कढई आणि क्षितिज यांच्यासाठी एकच प्रतिमा वापरावी, हा योग मनोरम आहे. हिंदीतील ‘बघार’ आणि गुजरातीतील ‘वघार’ यांचे मूळ संस्कृत ‘व्याघारण’ या शब्दाशी जोडले जाते. त्याचा अर्थ शिंपणे, आणि हा शब्द यज्ञातील तूप शिंपण्याच्या क्रियेसाठी वापरला जाई. म्हणजे येथे लक्ष फुटण्याकडे नसून वरून ओतल्या जाणाऱ्या धारेकडे आहे. गुजरातीत हिंगालाच ‘वघारणी’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘ओग्गरणे’, तेलुगूत ‘पोपु’ आणि ‘ताळिंपु’, तमिळमध्ये ‘ताळित्तल’. मल्याळीत तर मोहरी परतणे अशा अर्थाचा सरळ वाक्प्रचारच या कृतीसाठी रूढ आहे.

सर्वांत सुखद भेट होते ती बंगालमध्ये. तेथे फोडणीला ‘फोडन’ म्हणतात, आणि मेथी, कलौंजी, जिरे, बडीशेप व मोहरी यांच्या मिश्रणाला ‘पाँचफोडन’. १७४१ ते १७५१ या काळात मराठ्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या, म्हणून हा शब्द त्यांच्यामागे राहिला असावा असे कोणास वाटेल. पण तसे नाही. एकाच धातूपासून दोन्ही भाषांत तो आपापल्या वाटेने आला. म्हणून ते उसने शब्द नसून सख्खी भावंडे आहेत. दुसऱ्याच्या बोलण्यात मध्येच शेरा मारण्यालाही बंगालीत ‘फोडन काटणे’ म्हणतात. मराठीतही वादाला फोडणी मिळते, तर हिंदीत बढाई मारणारा ‘शेखी बघारतो’. चव वाढवणारी वस्तू जास्त झाली की काय होते, हे प्रत्येक भाषेला ठाऊक आहे.

मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर गेला तेव्हा ही सारी नावे त्याच्या कानी पडू लागली. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे मराठी राजघराणी स्थिरावली, त्यांच्यामागून कारकून, शिपाई, भिक्षुक, आचारी गेले; पुढे रेल्वे, गिरण्या आणि सरकारी कचेऱ्यांनी आणखी कुटुंबे नेली. तंजावरच्या सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातील पाककलेवरचे मराठी लेखन तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले आहे. सभोवती तमिळ भाषा असताना मुदपाकखान्याचे ज्ञान मराठीत नोंदवले गेले, ही गोष्ट लहान नाही.

परप्रांतात भाषा ज्या क्रमाने मागे हटते, तो ओळखीचा आहे. आधी कचेरीतून, मग बाजारातून, मग मुलांच्या खेळातून. स्वयंपाकघर हा तिचा शेवटचा गड. तेथेही एके दिवशी ‘आमटीला फोडणी घाल’ याऐवजी ‘दाल को तडका लगा’ हे वाक्य सहज येते. आमटीची चव त्याने बदलत नाही. पण त्या घरातल्या मुलाला तांबडे फुटणे आणि वाचा फोडणे यांच्यातले नाते मग कढईपाशी आपोआप उमगत नाही. ते कोणीतरी शिकवावे लागते.

शेजारचा शब्द मात्र शत्रू नव्हे. कालच्या पोळीची फोडणीची पोळी करणारे घर आणि ‘वघारेलो रोटलो’ करणारे घर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना सुखाने राहू शकते, आणि दोन्ही नावे जाणणारे मूल एकच नाव जाणणाऱ्यापेक्षा श्रीमंत असते. अट एवढीच, की त्यातले आपले नाव त्याला आधी ठाऊक असावे. परप्रांतातील मराठी शाळेचे साठ वर्षांचे काम यापेक्षा फार निराळे नाही: घरात रोज ऐकू येणारा शब्द घ्यायचा, आणि त्याची फोड करून सांगायची.