धाबे, टिन आणि स्लॅब

१९०५ साली इंग्रज सरकारने 'बासीम' जिल्हा मोडला आणि त्याचा बराचसा भाग अकोल्याला जोडला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. मधल्या ९३ वर्षांत इथली घरेही बदलली. सर्वांत जास्त बदलले ते त्यांचे छप्पर.

वऱ्हाडातले जुने घर धाब्याचे असे. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती घालावी लागे. असे घर मे महिन्यातही गार राहते, असे जुनी माणसे सांगतात. यात आठवणींचा गोडवा किती आणि विज्ञान किती?

याचे उत्तर जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या १८२२ सालच्या उष्णतेवरील ग्रंथात मिळते. दिवसाची उष्णता जमिनीत लाटेसारखी उतरते. जसजशी ती खोल जाते, तसतशी क्षीण होते आणि उशिराही पोचते. हे गणित कोरड्या मातीला लावले, तर एक फूट जाडीचा थर ओलांडायला या लाटेला सुमारे दहा तास लागतात आणि तापमानाचा चढउतार एक दशांशाहूनही कमी उरतो. म्हणजे दुपारी दोनची झळ आत पोचते मध्यरात्री. तोवर बाहेरची हवा निवलेली असते. दारे-खिडक्या उघडल्या की काम झाले.

चार इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून हीच लाट सुमारे तीन तासांत उतरते आणि तिचा जोर जेमतेम निम्मा होतो. म्हणून संध्याकाळी घरी परतावे, तर छत तापलेले असते. टिनाचे पत्रे तर उन्हाबरोबरच तापतात. हा पन्हाळी पत्रा हेन्री पामर यांनी १८२९ साली लंडनमध्ये पेटंट केला आणि तेथून तो जगभर पसरला.

मग लोकांनी धाबे सोडले ती चूक झाली का? तसे म्हणता येणार नाही. गळती, वाळवी, दरवर्षीची मेहनत आणि लाकडाची टंचाई ही कारणे खरी होती. शिवाय १० फूट बाय १० फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे जवळजवळ पाच टन वजन. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची अशीच जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा गारव्यासाठी पुन्हा माती चढवा, असा सल्ला कोणी देऊ नये.

जुन्या घराची दुरुस्ती करताना धाब्याचे वजन नको, पण त्याचे काम हवे. हे काम तीन प्रकारे साधते. पहिला, ऊन परतवणे : स्लॅबला किंवा पत्र्याला वरून पांढरा रंग वा चुना देणे. दुसरा, उष्णता अडवणे : पत्र्याखाली हवेची पोकळी ठेवून हलके छत बसवणे आणि पोकळीतली गरम हवा बाहेर जायला वाट ठेवणे. तिसरा, जे आहे ते राखणे : मातीची भिंत भक्कम असेल तर ती पाडू नये आणि तिच्यावर सिमेंटचा गिलावाही करू नये, कारण त्यामुळे ओल आत कोंडते. हे झाल्यावर कूलर घ्यावा. मग तो कमी वेळ चालेल. वीज आणि पाणी दोन्ही वाचतील.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इमारतींत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा हिशेब जग गांभीर्याने मांडू लागले. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. निवासी इमारतींसाठीची इको-निवास संहिता २०१८ साली आली. छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिने घातली. पण ती लिहिली गेली मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांसाठी. गावठाणातले जुने घर तिच्या कक्षेबाहेर राहिले. त्याची काळजी घरमालक, गवंडी आणि शिक्षक यांनाच घ्यावी लागेल.

शिक्षकांनी सुरुवात शाळेतच करावी. पत्र्याची एक खोली आणि स्लॅबची एक खोली निवडा. दोन्हींत छताखाली वीतभर अंतरावर थर्मामीटर टांगा. मार्च महिन्यात दर तासाला नोंद घेऊन आलेख काढा. दोन्ही आलेखांची शिखरे वेगवेगळ्या वेळी आलेली दिसली, की फूरिएचे गणित मुलांना फळ्यावर वेगळे शिकवावे लागणार नाही.