लोकल-मेट्रोत अनोळखी माणसाचा फोटो काढणं कला की गुन्हा? कायदा काय सांगतो?

लोकलच्या खिडकीशी डुलक्या घेणारे काका, मेट्रोत काजळ लावणारी मुलगी, दाराशी लटकलेली गर्दी. असे फोटो आणि रील्स आपल्या फीडमध्ये रोज येतात. ज्याचा फोटो असतो, त्याला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही नसतो. माणूस पोझ देत नसताना, त्याच्या नकळत टिपलेल्या अशा फोटोला 'कॅन्डिड' म्हणतात. फोटोग्राफीच्या इतिहासात या प्रकाराला मानाचं स्थान आहे. पण अगदी त्याच पद्धतीनं काढलेला फोटो एखाद्याची जाहीर टिंगलही करू शकतो. मग फरक नेमका कुठे पडतो?

कोटात लपवलेला कॅमेरा

या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं काम अमेरिकी छायाचित्रकार वॉकर एव्हान्स यांचं. १९३८ ते १९४१ या काळात त्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्रवाशांचे फोटो काढले. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग त्यांनी काळे रंगवले आणि कॅमेरा कोटाखाली लपवला. लेन्स कोटाच्या दोन बटणांमधून डोकावायची आणि शटर दाबायची वायर बाहीतून हातापर्यंत यायची. आपल्याकडे कुणी बघत नाही असं वाटत असताना माणसाचा चेहरा कसा असतो, हे त्यांना टिपायचं होतं.

एव्हान्स यांनी असे सहाशेहून अधिक फोटो काढले. त्यातले ८९ फोटो 'मेनी आर कॉल्ड' या पुस्तकात आले, पण ते पुस्तक निघालं १९६६ मध्ये. त्याआधी काही मोजकेच फोटो नियतकालिकांत छापले गेले होते. प्रवाशांच्या खासगीपणाचा विचार हे या विलंबाचं एक कारण मानलं जातं. आज फोटो काढणं आणि तो जगाला दाखवणं यात काही सेकंदांचंच अंतर उरलं आहे.

दुसरा मार्ग

ब्रूस डेव्हिडसन यांनी १९८० मध्ये त्याच भुयारी रेल्वेत रंगीत फोटो काढायला सुरुवात केली. त्यांचा कॅमेरा उघड दिसायचा आणि अनेकदा ते प्रवाशांना विचारून फोटो काढायचे. त्यांचं 'सबवे' हे पुस्तक १९८६ मध्ये आलं.

रघू राय यांचा १९९५ चा चर्चगेट स्टेशनचा फोटोही प्रसिद्ध आहे. शटर जास्त वेळ उघडं ठेवल्यामुळे त्यात धावती गर्दी धूसर झाली आहे आणि जागेवर थांबलेली माणसं तेवढी स्पष्ट दिसतात. अनुश्री फडणवीस यांनी मुंबई लोकलच्या महिला डब्यातले क्षण 'ट्रेन डायरीज' या मालिकेतून इन्स्टाग्रामवर मांडले.

लंडनमधला वाद

२०१४ मध्ये लंडनमध्ये एका फेसबुक ग्रुपवरून वाद पेटला. भुयारी रेल्वेत खात असलेल्या महिलांचे फोटो त्यांच्या नकळत काढून या ग्रुपवर टाकले जात. कुठली लाइन, काय खाल्लं, असे तपशीलही सोबत असत. ग्रुप सुरू करणाऱ्याचं म्हणणं होतं की, हे फक्त निरीक्षण आहे. फोटोतल्या महिलांना मात्र ती टिंगल वाटली. निषेध म्हणून काही महिलांनी सर्कल लाइनच्या गाडीत बसून एकत्र जेवण केलं.

भारतात कायदा काय आहे?

सार्वजनिक ठिकाणी कुणाचाही फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा भारतात नाही. पण याचा अर्थ सगळं माफ असा होत नाही.

- खासगीपणाचा हक्क: २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. माणूस सार्वजनिक ठिकाणी आहे एवढ्यानं त्याचा खासगीपणा संपत नाही, असंही या निकालात म्हटलं आहे.
- भारतीय न्याय संहिता, कलम ७७: खासगी कृती करत असलेल्या महिलेला चोरून पाहणं, तिचा फोटो काढणं किंवा तो पसरवणं हा गुन्हा आहे. फोटोला तिची संमती असली, पण तो पसरवायला नसली, तरी पसरवणं गुन्हाच ठरतं.
- कलम ७९: महिलेचा विनयभंग करण्याच्या हेतूनं तिच्या खासगीपणावर अतिक्रमण केल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.
- माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६ई: कुणाच्याही, म्हणजे पुरुषाच्याही, खासगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं गुन्हा आहे.

डुलकी घेणाऱ्या प्रवाशाचा साधा फोटो यातल्या कुठल्याही फौजदारी कलमात सहसा बसत नाही. म्हणूनच तो पोस्ट करायचा की नाही, हा निर्णय फोटो काढणाऱ्याच्या विवेकावर येतो.

पोस्ट करण्याआधी

चेहरा ओळखू येतो का? कॅप्शन वाचून लोक त्या माणसाला हसणार आहेत का? वेळ, स्टेशन आणि डबा सांगून आपण त्याचा रोजचा रस्ता उघड करतोय का? फोटोत लहान मूल, आजारी किंवा झोपलेला माणूस आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर त्या माणसाला विचारणं किंवा फोटो फोनमध्येच ठेवणं बरं. कुणी डिलीट करायला सांगितलं, तर वाद न घालता डिलीट करावं.

तुमचाच फोटो काढला गेला तर?

आधी स्पष्ट शब्दांत हरकत घ्या. फोटो ऑनलाइन गेला असेल तर लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि त्या अ‍ॅपवर रिपोर्ट करा. फोटो अश्लील असेल किंवा त्यावरून छळ होत असेल, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांत तक्रार करता येते. रेल्वे प्रवासात मदतीसाठी १३९ हा क्रमांक आहे.